फोटोतल्या बायकांची नावं कुठे गेली? एनिअक, पगारश्रेणी आणि विसरण्याची रीत

१९४६ सालचा एक फोटो आहे. अमेरिकेच्या युद्धखात्याने प्रसिद्धीसाठी काढलेला. खोलीभर पसरलेलं एक अजस्र यंत्र, पुढे गणवेशातला एक सैनिक खटके फिरवतोय, आणि मागे यंत्रापाशी उभे असलेले काही पुरुष आणि बायका. त्याच वर्षी सैन्याने भरतीच्या जाहिरातीत हा फोटो वापरला. सैनिक राहिला, यंत्र राहिलं, बायका कापल्या गेल्या.

हे सांगितलं की बहुतेक लोक म्हणतात, "बघा, मुद्दाम केलं!" मला तसं वाटत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. जाहिरात सैनिकांच्या भरतीची होती. कात्री चालवणाऱ्याने आपलं काम केलं, इतकंच. कुणाच्याही मनात पाप नसताना, रोजच्या ऑफिसच्या कामातून माणसं इतिहासातून कशी गळतात, हा माझ्या पीएचडीच्या कामातला मधला प्रश्न आहे. आज तो एनिअक या यंत्राच्या आणि त्यावर काम करणाऱ्या सहा जणींच्या निमित्ताने मांडते. त्यांची गोष्ट आता इंटरनेटवर बऱ्यापैकी फिरलेली आहे. पण ती बहुधा 'विसरल्या गेलेल्या नायिका सापडल्या' अशी सांगितली जाते. त्या सापडल्या हे छानच झालं. मुळात हरवल्या कशा, ते मात्र मागेच राहतं.

कॉम्प्युटर ही एक नोकरी होती

आज कॉम्प्युटर म्हटलं की यंत्र. पण इंग्रजीत हा शब्द जवळजवळ तीनशे वर्षं माणसासाठी वापरला गेला. आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर. आपल्याकडेही हे पद होतं. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणिताशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते राधानाथ सिकदर १८३१ मध्ये भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रुजू झाले ते 'कॉम्प्युटर' म्हणूनच. जनगणनेच्या कार्यालयांत तर स्वातंत्र्यानंतरही या नावाची जागा होती.

या नोकरीत बायका फार लवकर आलेल्या दिसतात. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'नॉटिकल अल्मनॅक' निघू लागलं. जहाजांसाठीचं पंचांगच म्हणा ना. समुद्रात आपण कुठे आहोत हे चंद्र-ताऱ्यांवरून काढायला लागणारे आकडे त्यात छापलेले असत. हे आकडे देशभरात विखुरलेले कॉम्प्युटर आपापल्या घरी बसून काढत आणि टपालाने पाठवत. त्यातले एक होते लडलो गावचे जॉन एडवर्ड्स. १७८४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी मेरी यांनी राजखगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइन यांच्याकडे विनंती केली की काम माझ्याकडेच राहू द्या, कारण बरीचशी आकडेमोड आजवर मीच करत आले आहे. नाव नवऱ्याचं, आकडे बायकोचे. काम त्यांच्याकडे राहिलं. पुढे त्यांची मुलगी एलायझा हेच करू लागली. मग १८३२ च्या सुमारास हे काम लंडनमधल्या एका सरकारी कचेरीत एकवटलं. सरकारी कचेरीत नोकरी पुरुषांना. एलायझा यांचं काम संपलं.

म्हणजे घरी बसून केलं तोवर चाललं. त्याच कामाला टेबल, खुर्ची आणि हुद्दा मिळाला, तेव्हा दार बंद. ही चाल लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात गाडी उलटी फिरली. मोजणीचं काम इतकं वाढलं की ते कचेरीतलं कंटाळवाणं, स्वस्तातलं काम झालं, आणि बायकांना दार उघडलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत आकडेमोडीचं काम बायकांचं हे इतकं गृहीत होतं, की युद्धकाळातल्या एका वैज्ञानिक समितीवरच्या सभासदाने गणनाश्रम मोजायला 'किलोगर्ल' असं एककच सुचवलं. हॉर्सपॉवरमध्ये घोडा, किलोगर्लमध्ये मुलगी.

फिलाडेल्फिया, १९४२

आता तोफांकडे येऊ. तोफ डागणाऱ्या सैनिकाकडे एक तक्ता असतो. अमुक अंतरावर गोळा टाकायचा तर नळी किती अंशात उचलायची, वारा असला तर किती फरक करायचा, हवा विरळ असली तर किती. हा तक्ता बनवायला गोळ्याच्या हवेतल्या प्रवासाचं गणित शेकडो-हजारो वेळा, प्रत्येक वेळी थोडे आकडे बदलून करावं लागतं. त्यात हवेचा विरोध वेगाप्रमाणे बदलत राहतो, त्यामुळे एका सूत्रात किंमती टाकल्या आणि उत्तर आलं असं होत नाही. गोळ्याचा प्रवास बारीक-बारीक टप्प्यांत तोडायचा, एका टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात घालायचं, असं शेवटपर्यंत. टेबलावरच्या गणनयंत्रावर एका मार्गाला साधारण तीस-चाळीस तास लागायचे, असं हे काम केलेल्या बायका सांगत. मधे एक चूक झाली की तिथून पुढचं सगळं बाद.

युद्ध सुरू झाल्यावर सैन्याच्या अ‍ॅबरडीन इथल्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेला हे काम पेलेना. म्हणून फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मूर स्कूल या अभियांत्रिकी विभागात एक शाखा उघडली. तिथे बघता बघता दोनशेच्या आसपास बायका या कामाला लागल्या. त्यांत के मॅकनल्टी आणि फ्रान्सिस बिलास या दोघी होत्या. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या के लहानपणी फिलाडेल्फियाला आल्या त्या आयरिश बोलतच. दोघींनी १९४२ मध्ये एकाच कॉलेजातून गणिताची पदवी घेतली होती. त्या काळी गणित शिकलेल्या मुलीला शाळामास्तरीण होण्याखेरीज फारसं काही नव्हतं. दोघींनी जाहिरात पाहिली आणि अर्ज केला.

नेमणूक झाली ती 'एसपी-४' या श्रेणीत, वर्षाला १,६२० डॉलरवर. एसपी म्हणजे 'सब-प्रोफेशनल'. अमेरिकन सरकारी नोकरीत 'प्रोफेशनल' आणि 'सब-प्रोफेशनल' अशा दोन वेगळ्या शिड्या होत्या. आपल्याकडे वर्ग-एक, वर्ग-तीन म्हटलं की पगारापलीकडचंही खूप काही कळतं ना, कुणी कुणापुढे उभं राहायचं, सही कोणाची चालते, तसंच ते. गणिताची पदवीधर मुलगी, विकलक समीकरणं सोडवणारी, पण श्रेणी सब-प्रोफेशनल.

मी संग्रहांत काम करताना एक गोष्ट शिकलेय. श्रेणी फक्त पगार ठरवत नाही, ती कागद ठरवते. अहवालावर सही प्रोफेशनल माणसाची. बैठकीच्या इतिवृत्तात नाव त्याचं. पत्रव्यवहार त्याच्याशी. फोटोखाली ओळ लिहिताना नाव विचारलं जातं त्याला. खालच्या श्रेणीतल्या माणसाचं नाव फार तर पगाराच्या यादीत येतं, आणि पगाराच्या याद्या काही वर्षांनी रद्दीत जातात. ऐंशी वर्षांनी माझ्यासारखं कुणी कागद उघडतं, तेव्हा त्याला वाटतं की खोलीत फक्त पुरुषच होते.

आराखड्यांवरून शिकलेलं यंत्र

१९४३ मध्ये मूर स्कूलमध्येच जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी सैन्याच्या पैशावर हेच गणित विजेवर करणारं यंत्र बांधायला घेतलं. ते एनिअक. जवळजवळ १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, ४० कपाटं, वजन तीस टनांच्या घरात. १९४५ च्या उन्हाळ्यात, यंत्र पुरं व्हायच्या आतच, ते चालवायला कॉम्प्युटर बायकांमधून सहा जणी निवडल्या गेल्या: के मॅकनल्टी, फ्रान्सिस बिलास, बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ आणि रूथ लिक्टरमन. सगळ्या गणिताच्या पदवीधर नव्हत्या. बेटी स्नायडर पत्रकारिता शिकलेल्या होत्या. गणिताच्या प्राध्यापकाने 'घरी बसून मुलं सांभाळ' असं सुचवलं म्हणून तो विषय सोडला, असं त्या पुढे सांगत.

त्यांना आधी पंचकार्डाची यंत्रं शिकायला अ‍ॅबरडीनला पाठवलं. परत आल्यावर हातात पडले एनिअकचे आराखडे. यंत्राच्या खोलीत जायची परवानगी सुरुवातीला नव्हती, कारण प्रकल्प गुप्त. मॅन्युअल नव्हतं, कारण ते लिहिलंच गेलं नव्हतं. अडेल गोल्डस्टाइन यांनी लिहिलेलं मॅन्युअल यायला १९४६ चा जून उजाडला. आराखडे समोर पसरायचे, अडलं की अभियंत्यांना गाठायचं, आणि एकमेकींना समजावून सांगायचं, असं त्या शिकल्या.

हे काम नेमकं काय होतं, ते जरा उलगडून सांगते, कारण 'तारा जोडायच्या' असं म्हटलं की ते टेलिफोन एक्स्चेंजसारखं वाटतं. एनिअकमध्ये प्रोग्रॅम साठवायची सोय नव्हती. त्यात २० अ‍ॅक्युम्युलेटर होते. प्रत्येकात दहा अंकी एक संख्या राहायची आणि तिथेच बेरीज व्हायची, सेकंदाला पाच हजारांच्या वेगाने. गुणाकाराचं कपाट वेगळं, वर्गमूळ-भागाकाराचं वेगळं, त्याच-त्या पायऱ्या पुन्हा करून घेणारं वेगळं. कोणता आकडा कुठून कुठे जाणार त्यासाठी एक तार, आणि 'माझं झालं, आता तू सुरू कर' हा इशारा एका कपाटातून दुसऱ्यात जाण्यासाठी वेगळी तार. वर खटके: बेरीज की वजाबाकी, किती वेळा, कितव्या अंकापर्यंत. शिवाय एका वेळी अनेक कपाटं काम करू शकत. त्यामुळे कोण आधी संपवेल, कोणाला थांबावं लागेल, हेही धरून चालायचं.

म्हणजे गोळ्याच्या प्रवासाचं समीकरण घ्यायचं, ते बेरीज-गुणाकारांत मोडायचं, प्रत्येक क्रिया कोणत्या कपाटात कोणत्या क्षणी हे कागदावर मांडायचं, मग ती मांडणी तारांत उतरवायची, आणि उत्तर चुकलं तर चूक गणितात आहे, मांडणीत आहे, तारेत आहे की १८,००० पैकी एखादी ट्यूब गेलीय हे शोधायचं. आज या कामांना आपण अल्गोरिदम, प्रोग्रॅमिंग, डीबगिंग, हार्डवेअर टेस्टिंग अशी चार नावं देतो आणि बऱ्याच ठिकाणी चार वेगळे पगार. १९४५ मध्ये या सगळ्याला एकच नाव होतं: ऑपरेटर.

१५ फेब्रुवारी १९४६

एनिअकवरचं पहिलं मोठं गणित १९४५ च्या डिसेंबरात चाललं, लॉस अलामोसच्या हायड्रोजन बॉम्बसंबंधीचं. ते गुप्त होतं. जगाला दाखवायला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित दिसायला झकास होतं. जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांच्या आठवणींनुसार ते त्या दोघींनी बसवलं. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं ठीक, फक्त एक गोष्ट सोडून: गोळा जमिनीवर आदळल्यावर थांबायला हवा, तो गणितात जमिनीच्या खाली जातच राहायचा. दोघी वैतागून घरी गेल्या. सकाळी बेटी आल्या, सरळ एका खटक्यापाशी गेल्या आणि तो एका घराने सरकवला. गोळा थांबला. रात्री झोपेत उत्तर सुचलं, असं त्या म्हणायच्या.

कार्यक्रम जोरात झाला. प्रत्यक्ष गोळ्याला जमिनीवर पोचायला ३० सेकंद लागले असते, एनिअकने त्याचा सगळा मार्ग २० सेकंदांत काढला. गोळ्याच्या आधी उत्तर! त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर यंत्राची आणि ते बांधणाऱ्यांची बातमी आली. रात्री विद्यापीठात मोठं जेवण झालं. सहा जणींना निमंत्रण नव्हतं.

बातमीत त्यांची नावं नाहीत याचं मला फार नवल वाटत नाही. बातमीदाराला माहिती देणाऱ्यांच्या हिशेबी त्या यंत्राचा भाग होत्या. यंत्र भराभर उत्तर देतं असं सांगायचं असेल, तर त्या उत्तरामागे कित्येक आठवड्यांची माणसांची मांडणी आहे हे सांगून कसं चालेल? 'विद्युत मेंदू' ही कल्पना विकायची तर दुसरे मेंदू नजरेआड असलेलेच बरे.

दोन साक्षी

इथे इतिहास लिहिणाऱ्याची खरी पंचाईत सुरू होते. प्रकल्पाचे लष्करी प्रतिनिधी हर्मन गोल्डस्टाइन यांनी १९७२ मध्ये संगणकाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात की प्रात्यक्षिकाची गणितं त्यांनी आणि त्यांच्या पत्नी अडेल यांनी तयार केली, आणि सोप्या भागांत जॉन होल्बर्टन व त्यांच्या हाताखालच्या 'मुलीं'ची थोडी मदत झाली. जीन जेनिंग्ज यांनी हे सरळ खोटं ठरवलं आणि तसं पुढे आपल्या आठवणींत स्पष्ट लिहिलं.

कुणाचं मानायचं? दोन्ही साक्षी अनेक वर्षांनंतरच्या आहेत, दोघांचाही स्वतःच्या बाजूने ओढा आहे. फरक हा की एक साक्ष १९७२ मध्ये, प्रतिष्ठित प्रकाशकाच्या पुस्तकात आली आणि मग संदर्भ म्हणून पिढीभर वापरली गेली. दुसरी साक्ष विचारायलाच कुणी १९८०च्या दशकापर्यंत गेलं नाही. म्हणजे तराजूत एका पारड्यात पुस्तक होतं आणि दुसऱ्यात रिकामी जागा. मला स्वतःला जेनिंग्ज-स्नायडर यांची बाजू जास्त पटते, कारण त्यांच्या सांगण्यात खटक्यापर्यंतचा तपशील आहे आणि हातांनी काम केलेल्या माणसालाच तो आठवतो. पण त्याहून महत्त्वाचं मला हे वाटतं: 'हाताखालच्या मुली' असा उल्लेख असलेलं वाक्य वाचून कित्येक वर्षं एकाही वाचकाला 'कोण मुली?' असा प्रश्न पडला नाही.

अडेल गोल्डस्टाइन स्वतः मात्र या हिशेबात दोन्हीकडून भरडल्या जातात. एका बाजूला त्या हर्मन यांची बायको म्हणून उल्लेखल्या जातात, दुसऱ्या बाजूला सहा जणींच्या यादीत त्या बसत नाहीत. वास्तविक यंत्राचं मॅन्युअल त्यांचं. बायकांचा इतिहाससुद्धा सोयीच्या याद्या करतो आणि काही नावं यादीबाहेर ठेवतो.

नाव बदललं की धागा तुटतो

या सहा जणी पुढे घरी बसल्या असं नाही. एनिअकला तारांऐवजी साठवलेल्या सूचनांवर चालवायचा बदल १९४८ मध्ये प्रत्यक्षात आला. त्याच्या तयारीत जीन यांचा गट होता, अडेल गोल्डस्टाइन होत्या. त्या वर्षी क्लारा फॉन नॉयमन यांनी अणुगणितासाठी लिहिलेला कोड या नव्या पद्धतीने चाललेल्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमपैकी एक. बेटी यांनी युनिव्हॅकसाठी एक प्रोग्रॅम लिहिला जो माहितीचं वर्णन वाचून ती क्रमाने लावणारा प्रोग्रॅम स्वतःच तयार करत असे. प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम. १९५२ मध्ये पहिल्या कंपायलरांपैकी एक बनवणाऱ्या ग्रेस हॉपर यांनी बेटींच्या या कामाचं ऋण मान्य केलेलं आहे. पुढे कोबोल भाषा ठरवण्यातही बेटी होत्या.

पण हे सगळं एका माणसाचं आहे हे कळायला आधी एक कोडं सोडवावं लागतं. एनिअकच्या काळातल्या बेटी स्नायडर या युनिव्हॅकच्या नंतरच्या कागदांत बेटी होल्बर्टन आहेत. जीन जेनिंग्ज झाल्या जीन बार्टिक. के मॅकनल्टी आधी मॉक्ली, मग अँटोनेली. वेस्कॉफ झाल्या मेल्टझर, लिक्टरमन झाल्या टाइटलबाउम, बिलास झाल्या स्पेन्स. ग्रंथालयाच्या सूचीत मॉक्ली हा एक माणूस सलग सापडतो. के तीन ठिकाणी, तीन बायका म्हणून.

मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नकोच. आपल्याकडे तर लग्नात तांदळाच्या ताटात पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत होती. आजीचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि सात-बारावरचं नाव जुळवताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांना माझं अर्धं संशोधन आधीच ठाऊक आहे.

तेच लंडनमध्ये

हे सगळं अमेरिकेतल्या एका खोलीपुरतं असतं तर योगायोग म्हणता आलं असतं. म्हणून अटलांटिकच्या पलीकडचं एक उदाहरण देते. इतिहासकार मार हिक्स यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात ब्रिटिश सरकारी नोकरीतल्या यंत्र चालवणाऱ्या बायकांचा अभ्यास केला आहे. १९५५ मध्ये तिथे ठरलं की सरकारी नोकरीत स्त्री-पुरुषांना समान वेतन द्यायचं, टप्प्याटप्प्याने, १९६१ पर्यंत. मोठा विजय. पण पंचकार्ड आणि गणनयंत्रं चालवणाऱ्या श्रेण्या त्यातून वगळल्या गेल्या. कारण? त्या श्रेण्यांत जवळपास सगळ्या बायकाच होत्या. पुरुषाचा दरच नाही, मग समान करायचं कशाशी? म्हणून बायकांचा दर हाच त्या कामाचा दर ठरला.

अन्याय करायला खोटं बोलावं लागत नाही, एक सरळ दिसणारी व्याख्या पुरते, हे मला याच उदाहरणाने पहिल्यांदा नीट कळलं. पुढे १९६०च्या दशकात संगणक हे सत्तेचं साधन आहे हे सरकारच्या लक्षात आलं, तेव्हा तीच कामं नव्या, वरच्या हुद्द्यांत बसवली गेली आणि त्यावर अधिकारी होऊ शकतील असे तरुण पुरुष नेमले गेले. कित्येकदा त्यांना शिकवलं ते आधीपासून काम करणाऱ्या बायकांनीच. एलायझा एडवर्ड्स यांच्या वेळची चाल आठवते ना?

'पहिल्या प्रोग्रॅमर' म्हणावं का?

आज या सहा जणींना सर्रास 'जगातल्या पहिल्या प्रोग्रॅमर' म्हणतात. यावर माझ्या क्षेत्रात वाद आहे. एनिअकवर २०१६ मध्ये सविस्तर पुस्तक लिहिणारे थॉमस हेग, मार्क प्रिस्टली आणि क्रिस्पिन रोप यांनी दाखवलंय की बायकांची नेमणूक ऑपरेटर म्हणून होती, आणि यंत्रावर गणित कसं मांडायचं याचा काही विचार अभियंत्यांनी त्या येण्याआधीच करून ठेवला होता. शिवाय हेग आणि प्रिस्टली एक टोचणारा मुद्दा काढतात. आपण त्यांना ऑपरेटर म्हणायला कचरतो, कारण ऑपरेटर म्हणजे हलकं काम असं आपणही मानतो. म्हणजे बायकांना न्याय द्यायच्या घाईत आपण १९४५ ची श्रेणीच खरी धरली आणि फक्त त्या सहा जणींना वरच्या डब्यात बसवलं.

मला हा मुद्दा पटतो, अर्धा. दुसऱ्या अर्ध्याबद्दल माझं म्हणणं असं की शब्द हे पगारासारखेच असतात, ते मिळाले नाहीत तर माणूस कागदावर उरत नाही. 'प्रोग्रॅमर' म्हटल्यामुळेच लोक त्यांचं नाव वाचायला थांबले. पण तिथेच थांबलो तर त्या सहा जणींच्या मागच्या खोलीत बसलेल्या उरलेल्या दोनशेजणी पुन्हा कापल्या जातात. त्यांनी यंत्राला हात लावला नाही. त्यांनी फक्त युद्धभर आकडे काढले. त्यांच्या नावांचं काय?

परत येण्याचा रस्ता

सहा जणी परत कशा आल्या, तेही थोडक्यात सांगते. १९८०च्या दशकाच्या मध्यात कॅथी क्लायमन ही हार्वर्डमधली विद्यार्थिनी एका निबंधासाठी एनिअकचे जुने फोटो पाहत होती. फोटोत बायका, खाली नावं फक्त पुरुषांची. जाणकारांकडे विचारल्यावर उत्तर मिळालं की त्या 'रेफ्रिजरेटर लेडीज' असणार. म्हणजे फ्रीजच्या जाहिरातीत फ्रीजपाशी उभ्या केलेल्या मॉडेल असतात तशा. तिने ते मानलं नाही, माग काढला, आणि पुढे त्यांतल्या चौघींच्या मुलाखती नोंदवल्या. १९९६ मध्ये बार्कली फ्रिट्झ यांचा या बायकांवरचा लेख आला, १९९७ मध्ये सहाही जणींचा तंत्रज्ञानातल्या स्त्रियांच्या सन्मान-यादीत समावेश झाला. एनिअकला तेव्हा पन्नास वर्षं उलटून गेली होती.

मुलाखती चौघींच्याच का जास्त, याचं एक कारण साधं आहे. रूथ लिक्टरमन १९८६ मध्येच गेल्या. त्यांचं म्हणणं आपल्याकडे बहुतेक इतरांच्या आठवणींतून येतं. मौखिक इतिहासाला घड्याळ असतं आणि ते संग्रहालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही.

म्हणून संशोधन म्हणजे काय करता, असं कुणी विचारलं तर आता माझ्याकडे एक सोपं उत्तर आहे. फोटोखालची ओळ वाचायची, मग फोटोतली डोकी मोजायची. दोन्ही जुळली नाहीत तर पगाराची यादी शोधायची. ती मिळाली तर श्रेणीचं नाव काय होतं ते पाहायचं, आणि त्या श्रेणीतल्या माणसाला त्या दिवशी नक्की काय-काय करावं लागलं हे विचारायचं, तो किंवा ती हयात असेल तर ताबडतोब.

हा प्रश्न आजच्या कचेऱ्यांनाही लागू आहे. आजची 'हुशार' यंत्रं शिकतात ती माणसांनी लाखो चित्रांवर आणि वाक्यांवर लावलेल्या खुणांवरून. आपल्या देशातही हे काम कितीतरी लोक करतात, तुकड्यामागे पैसे घेऊन, आणि यंत्राच्या बातमीत त्यांची नावं नसतात. त्यांचा हुद्दा काय लिहितात, त्यांचे कागद कोण जपून ठेवतंय, हे आत्ताच विचारता येण्यासारखं आहे. पन्नास वर्षांनी विचारलं तर काय होतं, ते आपण पाहिलंच.